भालाफेकीतला खांदा: ४ मिलिमीटरची फाट आणि न केलेलं ऑपरेशन

मुलगी गप्प बसली होती, बोलले ते वडील. "मॅडम, खांद्याची शीर फाटलीय म्हणे, ऑपरेशन सांगितलंय. करू का नको तेवढं सांगा." आणि लगेच पुढं, "नीरज चोप्रानं पण केलंच होतं की ऑपरेशन, मग गोल्ड आलं."

फेब्रुवारी २०२३ मधली ही गोष्ट. मी सांगलीत फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते, भालाफेक, क्रिकेट, व्हॉलीबॉल असे हात डोक्यावरून फिरवणारे खेळाडू माझ्याकडं बरेच येतात. ही मुलगी तेव्हा २० वर्षांची, उजव्या हातानं भाला टाकणारी, विद्यापीठ पातळीवर खेळलेली, बेस्ट थ्रो ४३.२० मीटर. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहितेय, नाव गाव देत नाही. लिहायचं कारण एवढंच की "पार्शल टीअर", म्हणजे अर्धवट फाट, हे दोन शब्द वाचून घरच्यांची झोप उडते आणि पुढचे निर्णय त्या घाबरण्यात घेतले जातात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय आणि ते थांबायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी नीरजचा मुद्दा, कारण तो हल्ली प्रत्येक भालाफेकवाल्याच्या घरात निघतो. त्याचं २०१९ मध्ये मुंबईत ऑपरेशन झालं ते कोपराचं. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटर आला, गोल्ड आलं, सगळं खरं. पण कोपराचा सांधा आणि खांद्याचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीचा रिझल्ट दुसरीला लावता येत नाही. वडिलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांना ते पटायला मात्र महिना गेला.

आता रिपोर्ट. एमआरआयमध्ये लिहिलं होतं की सुप्रास्पायनॅटस टेंडनच्या सांध्याकडच्या बाजूला, मागच्या अर्ध्या भागात, साधारण ४ मिलिमीटर खोल फाट आहे. साध्या भाषेत सांगायचं तर खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू असतात, सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस, त्यांचे टेंडन एकत्र येऊन हाडाला टोपीसारखे चिकटतात, तो रोटेटर कफ. हा टेंडन साधारण १२ मिलिमीटर जाड धरतात. एलमन नावाच्या डॉक्टरांनी १९९० मध्ये जी वर्गवारी दिली ती अजून वापरली जाते, ३ मिलिमीटरपेक्षा कमी खोल म्हणजे ग्रेड १, ३ ते ६ म्हणजे ग्रेड २, ६ च्या वर म्हणजे अर्ध्याहून जास्त जाडी गेली, ग्रेड ३. म्हणजे हिची फाट ग्रेड २, जाडीच्या एक तृतीयांश. दोन तृतीयांश टेंडन जागेवर धरून आहे, हे वाक्य तिला आणि वडिलांना तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. आणि "फाटलं" म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर टरकन दोन तुकडे झालेलं कापडच येतं.

दुसरी गोष्ट जी मी रिपोर्ट बघितल्यावर लगेच सांगते. २००३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, त्यात ज्यांना खांद्याचा काहीही त्रास नाही अशा टॉपच्या ओव्हरहेड खेळाडूंचे एमआरआय काढले. २० पैकी ८ जणांच्या खेळायच्या हाताच्या खांद्यात कफची अर्धवट किंवा पूर्ण फाट दिसेल अशी चिन्हं होती, म्हणजे ४० टक्के. दुसऱ्या हातात एकाच्याही नाही. पाच वर्षांनी परत विचारलं तर त्यातल्या एकालाही त्रास सुरू झालेला नव्हता. अभ्यास छोटा आहे, मान्य, पण माझ्या कामाचा सगळा पाया त्यावर बदलला. फेकणाऱ्याच्या खांद्यात फाट दिसली म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. ती फाट कदाचित दोन वर्षांपासून तिथं असेल आणि दुखणं गेल्या तीन महिन्यांतलं असेल. मग तीन महिन्यांपूर्वी काय बदललं, हा खरा प्रश्न.

तो मी तिला विचारला. ती म्हणाली, "काहीच नाही मॅडम, प्रॅक्टिस तीच." तिच्या भाल्याच्या सरांना फोन केला, तेही म्हणाले आठवड्याला तीन दिवस, दिवसाला ३५ च्या आसपास थ्रो, वर्षभर तेच चाललंय. तिसऱ्या भेटीत तिची मावशी बरोबर आली होती, तिच्या तोंडून सहज निघालं की "सकाळी भरतीची अकॅडमी पण असते ना हिची."

तिथं सगळं उलगडलं. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, ४ किलोचा गोळा, एकूण ५० पैकी १५ मार्क गोळ्याला. ऑक्टोबरपासून ती सकाळी अकॅडमीत आठवड्याला सहा दिवस ५०-६० वेळा गोळा टाकत होती आणि संध्याकाळी भाला. ते तिनं लपवलं नव्हतं, तिच्या डोक्यात ती "प्रॅक्टिस" नव्हतीच, ती भरतीची तयारी होती, वेगळा कप्पा. आठवड्याला १०० च्या आसपास असलेला आकडा चारशेच्या वर गेला होता आणि खांद्याला काय माहीत भाला कुठला आणि भरती कुठली.

त्यात तो गोळा टाकायची पद्धत. गोळा मानेला टेकवून ढकलायचा असतो, फेकायचा नसतो. भरतीच्या मैदानावर निम्मी पोरं-पोरी तो कानामागं नेऊन चेंडूसारखा भिरकावतात. तिच्या मोबाईलमधला व्हिडिओ बघितला, हिचंही तेच, भालाफेकीची सवय असल्यामुळं हात आपोआप मागं जायचा. ६०० ग्रॅमच्या भाल्याची अ‍ॅक्शन, हातात ४ किलो. बघताना माझ्याच अंगावर काटा आला.

डिसेंबरमध्ये पहिल्यांदा दुखलं. आठवडाभर बाम, मग एका ठिकाणी खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं. दुखणं तीन दिवसांत गायब. आठव्या दिवशी तिनं फुल रनअपनं भाला टाकला, दहाव्या दिवशी गोळाही सुरू. जानेवारीत हात वर नेला तरी मागून कळ, रात्री त्या कुशीवर झोपता येईना, मग एमआरआय, मग ऑपरेशनचा सल्ला, मग मी. इंजेक्शनवर माझा सरसकट राग नाही, वयस्कर माणसाच्या आखडलेल्या खांद्याला ते फार उपयोगी पडतं. पण फेकणाऱ्या पोरीचं दुखणं झाकायचं आणि नंतरचे सहा आठवडे काय करायचं ते सांगायचं नाही, हे मला मान्य नाही. शिवाय एक गोष्ट खेळाडूंच्या घरात जवळजवळ कुणालाच माहीत नसते, १ जानेवारी २०२२ पासून वाडाच्या, म्हणजे खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या, नियमात स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन, अगदी सांध्यातलं सुद्धा, स्पर्धेच्या काळात बंद आहे. हा काळ स्पर्धेच्या आदल्या रात्री ११.५९ पासून सुरू होतो, आणि सांध्यात किंवा सांध्याभोवती दिलेलं औषध शरीरातून जायला औषधानुसार ३ ते १० दिवस धरायला सांगतात. तिच्या इंजेक्शननंतर पंधरा दिवसांनी स्पर्धा होती म्हणून ती त्यातून सुटली. आधी असती तर खांद्यापेक्षा मोठं प्रकरण झालं असतं.

आता तपासणी, थोडं सविस्तर लिहिते कारण ट्रीटमेंटचा सगळा रस्ता इथूनच निघाला.

दुखायची जागा खांद्याच्या मागं, आत खोल. हात मागं पूर्ण ताणला, म्हणजे भाला सोडायच्या आधीची पोझिशन, की कळ. त्याच पोझिशनमध्ये मी खांद्याचा गोळा पुढून मागं दाबून धरला की कळ गेली. खांदा निसटेल अशी भीती तिला कुठंही वाटत नव्हती. हात धरून ठेवायची ताकद होती, हात गळून पडत नव्हता. ही सगळी चिन्हं ज्याला इंटर्नल इम्पिंजमेंट म्हणतात त्याची. १९९२ मध्ये फ्रान्सच्या जिल वॉल्श यांनी हे दाखवून दिलं, की हात वर करून पूर्ण मागं फिरवला की कफच्या टेंडनची खालची बाजू खांद्याच्या गोळ्याचं हाड आणि खोबणीची मागची वरची कड यांच्यात चिमटली जाते. हे चिमटणं सगळ्यांनाच होतं, तुम्हाला मलाही. फेकणाऱ्याला ते हजारो वेळा होतं आणि वेगात होतं. बेसबॉलमधल्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, खांदा फेकताना सेकंदाला ७००० अंशांच्या आसपास वेगानं आत फिरतो असं मोजलंय, आणि चेंडू सुटल्यावर तो हात थांबवायचं काम याच बारक्या टेंडनवर येतं. म्हणजे मागं नेताना चिमटा आणि सोडल्यावर ओढ, दोन्हीकडून मार. म्हणून फेकणाऱ्यांची फाट बहुतेक सांध्याकडच्या बाजूला आणि मागच्या भागात असते, हिची जिथं होती तिथंच.

मग मोजमाप. हात ९० अंशात ठेवून बाहेरच्या बाजूला फिरवला तर उजवा ११८, डावा १०४. आतल्या बाजूला उजवा ३६, डावा ६०. लहानपणापासून फेकणाऱ्यांचं दंडाचं हाडच थोडं पिळलेलं राहतं, त्यामुळं उजवा बाहेर जास्त आणि आत कमी जाणं हे एका मर्यादेपर्यंत नॉर्मल असतं, त्याला हात लावायचा नाही. बघायची ती बेरीज. डाव्याची १६४, उजव्याची १५४. दोन्हीत साधारण ५ अंशांपर्यंत फरक चालतो, इथं १० होता, म्हणजे हाडाच्या पिळाशिवाय मागचे स्नायू आणि कॅप्सूल (सांध्याभोवतीची पिशवी) खरंच आखडलेले होते. बाहेर फिरवायची ताकद छोट्या डायनामोमीटरवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) उजवी ९.२ किलो, डावी ११.४. आत फिरवायची उजवी १५. बाहेर फिरवणं हा ब्रेक, आत फिरवणं हे इंजिन, म्हणजे ब्रेक आणि इंजिनचं गुणोत्तर ६१ टक्के, मला ते ७० च्या पुढं लागतं. खांद्याचं पातं हात खाली आणताना पाठीपासून सुटून वर येत होतं, मी ते हातानं दाबून धरलं तर दुखणं निम्मं झालं.

आणि मग पाय. याच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. उजव्या हाताच्या भालाफेकीत शेवटी डावा पाय काठीसारखा ताठ रोवायचा असतो, त्यावर सगळा वेग अडतो आणि वर कमरेतून हातात जातो. हिचा डावा घोटा दोन वर्षांपूर्वी खो-खोत मुरगळलेला, तेव्हा हळद-तुरटीचा लेप लावून सोडून दिलेला. टाच न उचलता भिंतीला गुडघा टेकवायच्या टेस्टमध्ये, पाय भिंतीपासून किती लांब ठेवता येतो ते बघतात, उजवा पाय ११ सेंटिमीटर, डावा ५. व्हिडिओ स्लो करून बघितला तर डावा गुडघा रोवताना मोडत होता, धड डावीकडं कलंडत होतं आणि कोपर खाली राहून हात मागून ओढला जात होता. टेनिसच्या सर्व्हिसवर किबलर यांनी मांडलेलं गणित आहे की एकूण ऊर्जेतली निम्म्याहून थोडी जास्त पाय आणि धडातून येते, आणि धडाकडून २० टक्के कमी आली तर ती भरून काढायला खांद्याला ३४ टक्के जास्त वेगानं फिरावं लागतं. भाला म्हणजे टेनिस नाही, पण तत्त्व तेच. घोट्याचं कर्ज खांदा फेडत होता.

हे सगळं कागदावर लिहून मी तिला पुण्यातल्या एका खांद्याच्या सर्जनकडं पाठवलं. ऑपरेशन नको म्हणायचा अधिकार एकट्या फिजिओनं घेऊ नये असं माझं मत आहे, सर्जन बरोबर पाहिजे. त्यांनी तपासून सहा महिने द्यायला होकार दिला. सांध्यात डाय सोडून परत एमआरआय काढायचा का यावर आम्ही बोललो, त्यात छोट्या फाटी जास्त स्पष्ट दिसतात, पण फाट ४ ची ५ निघाली असती तरी पुढचे सहा महिने आम्ही तेच करणार होतो, मग घरच्यांचे पैसे कशाला घालवायचे.

ऑपरेशन का टाळायचं हे वडिलांना आकड्यांतच सांगावं लागलं, आणि ते आकडे मी इथंही देते. २००८ मध्ये अमेरिकेतले सर्जन जेम्स अँड्र्यूज यांच्या गटानं प्रोफेशनल पिचरचा अभ्यास दिला, छोट्या अर्धवट फाटी दुर्बिणीतून फक्त साफ केल्या, शिवल्या नाहीत. ज्यांची माहिती मिळाली अशा ६७ पैकी ७६ टक्के परत प्रोफेशनल पातळीवर पिच करू शकले, पण आधीच्या किंवा त्याहून वरच्या लेव्हलला ५५ टक्केच. आणि टेंडन पूर्ण फाटलेला असताना शिवावा लागलेल्या पिचरचे २००६ चे आकडे तर वाचवत नाहीत, खेळायच्या हाताच्या १२ पैकी एकच जण परत वरच्या पातळीवर फेकू शकला. तो पूर्ण फाटीचा अभ्यास आहे, हिच्या केसला थेट लागू नाही, पण त्यातून एक समजतं की शिवलेला टेंडन रोजच्या आयुष्याला उत्तम असतो, तोच टेंडन हात इतका मागं न्यायचं काम परत करेलच असं नाही. शिवताना थोडं जरी घट्ट झालं तरी फेकणाऱ्याचे ते शेवटचे दहा-पंधरा अंश जातात, आणि त्याच अंशांत त्याचा सगळा खेळ असतो. म्हणून इतर पेशंटमध्ये अर्ध्याहून जास्त फाट असली की शिवायचा विचार करतात, तर फेकणाऱ्यांच्या बाबतीत काही सर्जन ती रेषा आणखी वर, ७५ टक्क्यांपर्यंत नेतात. याचा अर्थ ऑपरेशन कधीच नाही असा अजिबात नाही. पडून किंवा झटक्यानं एकदम ताकद गेली, फाट वरच्या बाजूची आणि खोल आहे, किंवा तीन ते सहा महिने नीट, खरोखर नीट, व्यायाम करूनही हात चालत नाही, तर मी स्वतः सर्जनकडं ढकलते. हिच्या बाबतीत तो "नीट व्यायाम" एक दिवसही झालेला नव्हता.

पीआरपीचंही, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटवाला भाग काढून देतात त्या इंजेक्शनचंही, विचारलं वडिलांनी, शेजारच्या क्रिकेटवाल्या पोरानं घेतलं होतं म्हणून. ते २०११ पासून बंदीच्या यादीत नाही, घ्यायला हरकत नाही, पण फायद्याचे पुरावे उलटसुलट आहेत आणि खर्च मोठा आहे, मी नको म्हटलं.

सुरुवात झाली. भाला बंद, गोळा बंद, पण घरी बसायचं नाही. धावणं, पायऱ्या, एका पायावरचे स्क्वॉट, पोटाचे व्यायाम, घोट्याचं मोबिलायझेशन पहिल्या दिवसापासून. पूर्ण आरामानं या खांद्याचं भलं होत नाही, टेंडन आणखी कमजोर होतो आणि मूळ कारण जागेवरच राहतं.

खांद्यासाठी पहिले तीन आठवडे जोर लावून धरायचे व्यायाम, हात खाली ठेवूनच, आणि मागची बाजू मोकळी करायला हात छातीवरून आडवा ओढायचा स्ट्रेच, ३० सेकंद, पाच वेळा. कुशीवर झोपून हात आत दाबायचा स्लीपर स्ट्रेच मी सुरुवातीला देत नाही, बरीच पोरं तो जोरात करतात आणि पुढून दुखवून घेतात. मग कुशीवर झोपून काखेत टॉवेलची गुंडाळी धरून हात बाहेर फिरवणं, १ किलोनं १५ चे तीन सेट. पालथं झोपून हात इंग्रजी वाय आणि टीच्या आकारात उचलणं. भिंतीवर आणि मग जमिनीवर पुशअपच्या शेवटी पाठ आणखी वर ढकलणं, पात्याला पाठीशी धरणारा सेरॅटस स्नायू त्यानं जागा होतो. तिला रोज सांगलीला येणं परवडणारं नव्हतं, आठवड्यातून एकदा यायची. थेराबँडऐवजी (व्यायामाची रबरी पट्टी) सायकलची जुनी ट्यूब कडुलिंबाला बांधली, वजनाला वाळू भरलेली बाटली, घरच्या तराजूवर मोजून घेतलेली. व्हिडिओ रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर. एकही दिवस चुकवला नाही तिनं.

सहाव्या आठवड्यात आत फिरणं ३६ वरून ४६ झालं, रात्रीचं दुखणं थांबलं. मग हात ९० अंशात ठेवून ट्यूब, त्यातही सोडताना हळू सोडायचं, कारण थांबवणं हेच त्या टेंडनचं खरं काम. दोन हातांनी २ किलोचा मेडिसिन बॉल भिंतीवर. सगळं छान चाललेलं.

आणि नवव्या आठवड्यात ती आली तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. अकॅडमीत गोळ्याची टेस्ट ठेवली होती, सगळ्या मुली टाकत होत्या, हिनंही सहा टाकले. "दुखत नव्हतं मॅडम, म्हणून टाकले." दुसऱ्या दिवशी हात वर जाईना. रडत होती. मला तिच्यावर रागावता येईना, कारण चूक माझीही होती, मी भाल्याच्या सरांशी दर आठवड्याला बोलत होते आणि भरतीच्या सरांना एकदाही फोन केला नव्हता. ज्या ठिकाणी दुखणं सुरू झालं तिथल्याच माणसाला मी प्लॅनमध्ये घेतलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी फोन केला. सर भले माणूस निघाले, म्हणाले मला कुणी सांगितलंच नाही, उद्यापासून हिला रनिंगच देतो. आणि गोळा जेव्हा परत सुरू करायचा तेव्हा मानेला टेकवून, उभ्यानं, २ किलोनं सुरू करायचा असं ठरलं.

तीन आठवडे मागं गेलो. इथं वडिलांचा धीर सुटला, परत ऑपरेशनचं निघालं. मी त्यांना म्हटलं, "काका, सहा महिन्यांतले अजून साडेतीन शिल्लक आहेत, तेवढे द्या." ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात तिला गाडीवर घेऊन स्वतः आले.

भाला परत हातात द्यायला मी तारीख धरत नाही, आकडे धरते. मे संपताना आत फिरणं ५०, बाहेर ११५, बेरीज १६५, डाव्याइतकी झाली. उरलेला १० अंशांचा फरक हाडाचा, तो राहू दिला. बाहेर फिरवायची ताकद ११.२, आत १५.४, गुणोत्तर ७३ टक्के. घोटा ९ सेंटिमीटर. दुखणं शून्य. मग टेनिस बॉल, १० मीटरवर, एक दिवसाआड, २५ थ्रो. "अर्ध्या ताकदीनं टाक" असं खेळाडूला सांगून उपयोग नसतो, अर्धी म्हणता म्हणता पाऊण जाते, म्हणून अंतरावर चुना मारायचा आणि त्याच्या पुढं जाऊ द्यायचं नाही. मग क्रिकेट बॉल, मग ४०० ग्रॅमचा बॉल, तोवर पाऊस लागला, रनवेवर चिखल, तर शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाळी लावून दिली सरांनी. जुलैच्या शेवटी उभ्यानं भाला, मग तीन पावलं, मग पाच. नियम असा की वॉर्मअपला दुखलं आणि १५ थ्रोत गेलं तर चालू ठेवायचं, नाही गेलं तर थांबायचं आणि दोन दिवस सुट्टी, आणि मागच्या पायरीवर परत यायचं. दोनदा मागं यावं लागलं.

या सगळ्यात सरांनी जे काम केलं त्याचं मोल माझ्या व्यायामापेक्षा कमी नाही. डावा पाय ताठ रोवायचं त्यांनी तिला महिनाभर भाल्याशिवाय शिकवलं, नुसती काठी हातात देऊन. पाय रोवला जायला लागला आणि कोपर आपोआप वर आलं, खांद्याला काही सांगावंच लागलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी फुल रनअप. नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली स्पर्धा, ४०.९० मीटर. तिला ते कमी वाटलं, मला वाटलं मैदानावर जाऊन तिला उचलून घ्यावं. पुढच्या सीझनला, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ४३.८५. तिचा आजवरचा बेस्ट. आठवड्याचे थ्रो आता वहीत लिहिते, भाला आणि गोळा एकाच पानावर, दोन्ही मिळून १५० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, गोळा मानेला टेकवूनच.

त्या सीझननंतर सर्जनच्या सांगण्यावरून खांद्याची सोनोग्राफी केली. फाट तिथंच आहे. ४ मिलिमीटर. वाढली नाही, भरलीही नाही, अशा फाटी आपोआप भरून येणं तसंही क्वचितच. वडिलांनी रिपोर्ट वाचून माझ्याकडं बघितलं, "म्हणजे फाटलेलंच आहे की अजून." मी म्हटलं, "हो काका, आहे." ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग राहू दे."

सीझनमध्ये आत फिरणं परत कमी होतं, मागच्या महिन्यात ४४ वर आलं होतं, म्हणून दर महिन्याला मोजते. सलग दोन दिवस फेकलं तर तिसऱ्या सकाळी खांदा जड वाटतो असं ती सांगते, तेव्हा एक दिवस भाला नाही, फक्त ट्यूब. ती ट्यूब अजून त्याच कडुलिंबाला बांधलेली आहे, आता तिच्या शेजारी धाकट्या भावाची पण एक लटकते, तो बॉलिंग टाकतो, १३ वर्षांचा आहे. पुढच्या आठवड्यात त्याचा खांदा मोजायला बोलावलंय.